देशी पटावरून जागतिक पटावर : सुलतान खान

बुद्धिबळाच्या इतिहासात मीर सुलतान खान यांच्यासारखी अल्पायुषी, पण तेजस्वी कारकीर्द क्वचितच आढळते. पंजाबातील मिठा टिवाना परिसरात विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांचा जन्म झाला. त्यांनी खेळ आत्मसात केला तो देशी नियमांनी. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे आणि किल्लेकोटही नसे. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांचे गुण हेरून त्यांना आश्रय दिला. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते ठरले आणि पुढील वर्षी आश्रयदात्यासमवेत लंडनला गेले.

परक्या नियमांचा, ग्रंथांतून विकसित झालेला खेळ त्यांना तेथे नव्याने शिकावा लागला. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी त्यांची गाठ पडली. वजिराच्या मोबदल्यात दोन हत्ती मिळवून सुलतान खान यांनी संयमाने पकड घट्ट केली आणि ६५ चालींत विजय मिळविला. तीन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळले.

१९३३ च्या अखेरीस आश्रयदाता मायदेशी परतला आणि त्यांनाही परतावे लागले. १९३५ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये खेळून आलेले नामांकित मराठी खेळाडू विनायक काशिनाथ खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. त्यांनी नऊ डाव जिंकले व एक बरोबरीत सोडविला. खाडिलकरांसारख्या अनुभवी प्रतिस्पर्ध्यावरील हा विजय त्यांचे सामर्थ्य अबाधित असल्याचेच दर्शवितो. मात्र त्यानंतर ते स्पर्धात्मक खेळापासून दुरावले. उर्वरित आयुष्य गावी शेतीत व्यतीत करून १९६६ मध्ये ते निवर्तले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला, तो २०२४ मध्ये.

प्रतिभा एका व्यक्तीच्या आश्रयावर विसंबली की त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार तिचाही प्रवास थांबतो. सातारा-सांगली परिसरातील रसिकांना याचे मर्म सहज उमगेल. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या परिश्रमांतून नूतन बुद्धिबळ मंडळ उभे राहिले, स्पर्धांची परंपरा रुजली आणि याच सांगलीच्या भाग्यश्री साठे यांनी पुढे पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविले. सुलतान खान यांना आश्रयदाता लाभला. अशी संस्था मात्र लाभली नाही.