जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, इ.स. १९४३ – १६ ऑक्टोबर, इ.स. १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटचे मूलभूत प्रोटोकॉल निश्चित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इंटरनेटवरील पत्ते, प्रोटोकॉलांचे क्रमांक आणि डोमेन नावे यांच्या वाटपाची व्यवस्था त्यांनी मृत्यूपर्यंत सांभाळली.

जन्म व शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील आल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६६ साली पदवी, १९६८ साली पदव्युत्तर पदवी आणि १९७४ साली संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. संगणकांमधील प्रोटोकॉलांचे विश्लेषण हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

अर्पानेट

१९६९ साली अर्पानेट या संगणक जाळ्याचे पहिले केंद्र याच विद्यापीठात उभे राहिले. तेथे विद्यार्थिदशेत पोस्टेल या कामात सहभागी झाले. दोन संगणकांनी संदेशांची देवाणघेवाण कोणत्या स्वरूपात व कोणत्या क्रमाने करावी, याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. हे नियम चर्चेसाठी मांडण्याकरिता स्टीव्ह क्रॉकर यांनी ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ (आरएफसी) ही दस्तऐवजांची मालिका सुरू केली. तिचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले.

प्रोटोकॉलांचे स्तर

१९७७ साली पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. निरनिराळी जाळी एकमेकांस जोडण्यासाठी त्या काळी टीसीपी हा एकच प्रोटोकॉल विकसित होत होता. पॅकेटांना मार्ग दाखवणे आणि दोन टोकांच्या संगणकांतील देवाणघेवाण बिनचूक ठेवणे, ही दोन्ही कामे त्याच्यावरच सोपवलेली होती. त्यामुळे स्तरांची सरमिसळ होते, असा आक्षेप पोस्टेल यांनी ऑगस्ट १९७७ मधील एका टिपणात घेतला आणि दोन्ही कामे वेगळी करण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी टीसीपीचे विभाजन होऊन आयपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल निर्माण झाला.

या रचनेत आयपी केवळ पत्ता पाहून पॅकेट पुढे पाठवतो. ते पोहोचेलच याची हमी देत नाही. पॅकेटांचा क्रम लावणे, पोच घेणे आणि हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणे ही टीसीपीची कामे असून ती दोन टोकांच्या संगणकांवरच होतात. मधल्या राउटरांना प्रत्येक संभाषणाचा हिशेब ठेवावा लागत नसल्याने जाळ्याचा विस्तार सोपा झाला. ध्वनीसारख्या वापरात उशिरा आलेले पॅकेट निरुपयोगी असते. अशा कामांना टीसीपी टाळून आयपीवर आधारलेला यूडीपी वापरणे शक्य झाले.

पोस्टेल यांच्या संपादनाखाली यूडीपीचा दस्तऐवज १९८० साली, तर आयपी व टीसीपीचे दस्तऐवज सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ई-मेल पाठवण्यासाठीच्या एसएमटीपी प्रोटोकॉलचा दस्तऐवज त्यांनी १९८२ साली लिहिला. स्वतः पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, परंतु दुसऱ्याकडून आलेल्या संदेशातील किरकोळ दोष खपवून घ्यावेत, हे त्यांनी मांडलेले तत्त्व ‘पोस्टेलचा नियम’ म्हणून ओळखले जाते. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी व आयपी स्वीकारले.

पत्ते व नावे

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. एकच पत्ता दोघांना दिला गेल्यास पॅकेट कोठे न्यावे हे ठरत नाही. म्हणून वाटपाची एकच नोंद असणे आवश्यक ठरते. संगणकावरील कोणत्या सेवेसाठी संदेश आहे हे दर्शवणाऱ्या पोर्ट क्रमांकांनाही हेच लागू पडते. असे क्रमांक एका व्यक्तीने वाटावेत असे पोस्टेल यांनी १९७२ सालीच सुचवले होते आणि ती जबाबदारी त्यांनीच उचलली. हे काम पुढे ‘आयाना’ या नावाने ओळखले गेले.

त्यांच्याच संस्थेत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नावांची प्रणाली तयार केली. कोणता प्रदेश देश मानावा हा वाद आयानाने स्वतःकडे घेऊ नये, अशी पोस्टेल यांची भूमिका होती. त्यामुळे देशांच्या डोमेनांसाठी आंतरराष्ट्रीय मानकातील दोन अक्षरी संकेत आधारभूत मानले गेले. भारताच्या ‘डॉट इन’ या डोमेनची नोंद १९८९ सालची आहे.

१९९८ मधील वाद

इंटरनेटचा व्यापारी वापर वाढल्यावर नावांच्या मूळ यादीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न तीव्र झाला. ही यादी अमेरिकी सरकारशी करार असलेल्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या सर्व्हरवर होती. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी बारापैकी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना ही यादी आयानाच्या सर्व्हरवरून घेण्यास सांगितले व चालकांनी ते मान्य केले. ही चाचणी असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. मात्र अमेरिकी सरकारच्या आक्षेपानंतर काही दिवसांतच पूर्वीची व्यवस्था परत आणण्यात आली. त्यांचा अधिकार कोणत्याही कायद्यावर नव्हे, तर चालकांच्या विश्वासावर उभा होता, हे या घटनेतून दिसून आले. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी या कामासाठी आयकॅन या ना-नफा संस्थेची नोंदणी झाली.

मृत्यू व सन्मान

हृदय शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलस येथे पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांचे दीर्घकाळचे सहकारी व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख आरएफसी मालिकेत २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला असून १९९९ साली पहिला पुरस्कार पोस्टेल यांनाच मरणोत्तर देण्यात आला. २०१२ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.