गोपाळ गणेश आगरकर : तत्त्वज्ञानाचा पदवीधर

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची होती. कऱ्हाडला आजोळी राहून त्यांनी शिक्षणाला आरंभ केला. परंतु पुढे शिकवण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. त्यामुळे कोवळ्या वयातच त्यांना शाळा सोडून मामलेदार कचेरीत उमेदवारी करावी लागली. काही काळ त्यांनी दवाखान्यात औषधे देण्याचेही काम केले. शिक्षणाच्या ओढीने ते रत्नागिरीस जाऊन आले, पण तेथे निभाव लागला नाही. अखेर अकोल्याला नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांच्या शिक्षणाची तुटलेली साखळी पुन्हा जुळली. १८७५ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते.

त्यानंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. जवळ पैसा नव्हता. शिष्यवृत्ती, निबंधस्पर्धांची बक्षिसे आणि वर्तमानपत्रांतील लेखन यांवर त्यांचा खर्च भागे. अंगात घालायला एकच सदरा असल्याने तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा तोच घालायचा, अशी त्या काळातील त्यांची आठवण सांगितली जाते. या कष्टांतच दम्याचा विकार जडला आणि त्याने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. १८७८ साली ते बी. ए. झाले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली होती. त्यामुळे पदवीधर माणूस अजून दुर्मीळच होता. बी. ए. झालेल्या तरुणापुढे सरकारी नोकरीची दारे उघडी असत. कोणी मामलेदार होई, कोणी शिक्षण खात्यात जाई, कोणी एखाद्या संस्थानात अधिकारपद मिळवी. कायद्याची परीक्षा दिली तर वकिली किंवा मुन्सफी मिळे. गरीब घरातून आलेल्या तरुणाने लवकर कमावते व्हावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. आगरकरांनी मात्र आणखी शिकण्याचे ठरवले आणि एम. ए. साठी इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय निवडले.

ही निवड त्यांच्या वृत्तीला साजेशी होती. एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची, चांगले व वाईट कोणत्या कसोटीवर ठरवायचे, समाजाचे नियम कोणी व कशासाठी केले, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसत. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मिल यांच्या लेखनातून व्यक्तिस्वातंत्र्याचे व स्त्रीपुरुष समतेचे तत्त्व त्यांना पटले. समाज ही सतत बदलत जाणारी रचना आहे, ही दृष्टी त्यांना स्पेन्सर यांच्या ग्रंथांतून मिळाली. परीक्षेसाठी हाती घेतलेला विषय हळूहळू त्यांच्या जीवनाचा पाया बनला.

याच काळात, १८७९ च्या सुमारास, डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते. दोघा मित्रांच्या रात्री देशस्थितीच्या चर्चेत सरत. लोकांना शिक्षण मिळाल्याखेरीज देश वर येणार नाही, यावर त्यांचे एकमत झाले. सरकारी नोकरी करायची नाही, अल्प वेतनावर शिक्षणकार्य करायचे, असा त्यांनी निश्चय केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. आगरकरांचा अभ्यास तेव्हा पुरा व्हायचा होता. १८८० साली एम. ए. झाल्यानंतर तेही या शाळेत रुजू झाले.

हा निश्चय सोपा नव्हता. गावाकडे आई वाट पाहत होती. मुलगा मोठी परीक्षा देतो आहे, आता त्याला मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले पांग फिटतील, असे तिला वाटणे स्वाभाविक होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून आपला विचार आधीच कळवला. जादा संपत्तीची आणि सुखाची हाव न धरता पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सर्व वेळ परहितासाठी खर्च करणार, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या माउलीने दारिद्र्य सोसले, तिलाच हे सांगणे त्यांना किती जड गेले असेल! तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा त्यांनी विद्यापीठाबाहेर दिली ती अशी.

१८८१ च्या आरंभी ‘केसरी’ हे मराठी व ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक निघाले. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून बदनामीचा खटला झाला. १८८२ साली टिळक व आगरकर यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांचा वृत्तान्त आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली तिचे फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. एकेकाळी फीसाठी वणवण करणारा तरुण आता महाविद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक व तेथील प्राध्यापक झाला होता.

परंतु विचारांशी प्रामाणिक राहण्याची किंमत अजून चुकती व्हायची होती. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या प्रश्नावर आगरकर व टिळक यांच्यात मतभेद वाढले. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. बालविवाह, विधवांचे केशवपन, अस्पृश्यता, जातिभेद यांवर आगरकरांनी कठोर टीका केली. मुलींना मुलांच्या बरोबरीने आणि मुलांबरोबरच शिक्षण द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. एखादी रूढी जुनी आहे एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. तिने माणसाचे हित होते की अहित, हे बुद्धीने तपासले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती.

या विचारांमुळे पुण्यातील सनातनी मंडळी इतकी संतापली, की त्यांनी आगरकर जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर डगमगले नाहीत. त्याचबरोबर आपली मते त्यांनी घरात कोणावर लादली नाहीत. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या पूजाअर्चेच्या आड ते कधी आले नाहीत. व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व त्यांनी आपल्या उंबरठ्याच्या आतही पाळले.

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. अध्यापन, संस्थेचा कारभार आणि ‘सुधारक’चे लेखन यांचा भार दम्याने खंगलेल्या देहाला पेलवेना. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते, असे सांगतात. आयुष्यभराच्या कमाईतून संसारासाठी फारसे काही उरले नव्हते.

तत्त्वज्ञान शिकून पुढे काय करायचे, हा प्रश्न आजही विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना पडतो. अध्यापन, पत्रकारिता, ग्रंथलेखन, संस्थांचे संचालन, लोकजागृती या साऱ्या क्षेत्रांत आगरकरांनी आपली विद्या कामी आणली. या विद्येने त्यांना धन दिले नाही, हेही तितकेच खरे. स्पष्ट विचार करण्याची, तो निर्भयपणे मांडण्याची आणि विरोधकाच्याही स्वातंत्र्याचा मान राखण्याची शक्ती मात्र तिने दिली. केशवपनाची चाल पुढे नाहीशी झाली. ज्या शिक्षणाचा त्यांनी मुलींसाठी आग्रह धरला, ते घेणाऱ्या मुली आज गावोगावच्या शाळांत मुलांच्या शेजारी बसतात. शाळा अर्ध्यावर सोडावी लागलेल्या टेंभूच्या मुलाने पुन्हा हाती धरलेले पुस्तक असे अनेकांच्या उपयोगी पडले.