खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी

फॉन्ट हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो मूळचा ओतकामातला आहे. वितळलेला धातू ओतून तयार केलेला अक्षरांचा संच म्हणजे फॉन्ट. मराठी अक्षरांचं हे ओतकाम ज्यांनी नावारूपाला आणलं, त्यांत मोठं नाव म्हणजे निर्णयसागरचे जावजी दादाजी चौधरी.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतल्या गरीब घरातला. शिकायच्या वयात, दहाएक वर्षांचे असताना, ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासायच्या कामाला लागले. टाईप म्हणजे धातूचा खिळा. पोलादावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं, अँटिमनी, कथिल यांचा रस ओतायचा. खिळ्याला जरा कड राहिली की ओळ बिघडलीच. घासणाऱ्याचं काम दिसायला हलकं, पण छपाईचा साफपणा तिथूनच सुरू होतो.

जावजी हे काम करता करता सगळा धंदा शिकले. पुढे आणखी छापखान्यांत नोकऱ्या केल्या. १८६४ मध्ये, ऐन पंचविशीत, त्यांनी स्वतःची टाईप फाउंड्री काढली. अक्षरं कोरण्यात तरबेज असलेले राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबतीला होते. इंग्रजीत लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं. आपल्याला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात आणि प्रत्येकाला वेगळा खण. जुळाऱ्याचा हात न बघता बरोबर खणात गेला पाहिजे. भलत्याच खणात पडलेला खिळा असून नसल्यासारखाच!

१८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. पंचांग, मराठी पुस्तकं आणि मुख्य म्हणजे संस्कृत ग्रंथ तिथे शुद्ध आणि देखणे छापले जाऊ लागले. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेने कित्येक जुनी संस्कृत काव्यं छापून लोकांसमोर आणली. १८९२ मध्ये जावजी गेले. त्यांचे चिरंजीव तुकाराम यांनी काम पुढे चालवलं.

आता शिसं गेलं, पण खण राहिले. लिनक्समध्ये आपल्या होम डिरेक्टरीत फॉन्टचा फोल्डर असतो. फाईल तिथे ठेवायची, एफसी-कॅश ही कमांड देऊन यादी ताजी करायची आणि मराठी चालणारे फॉन्ट कोणते ते एफसी-लिस्टला विचारायचं. फाईल भलत्याच फोल्डरमध्ये राहिली तर सिस्टीमला ती सापडत नाही आणि दुसरा देवनागरी फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मराठीबरोबर अहिराणी, भिली, पावरीसुद्धा देवनागरीत लिहितात. या बोलींतली गाणी, गोष्टी कॉम्प्युटरवर नीट उमटायच्या, तर कोणीतरी हे बारीकसारीक काम करायलाच हवं. खिळे घासणाऱ्या मुलाने ते दीडशे वर्षांपूर्वी केलं. आपल्या हाताशी तर कीबोर्ड आहे!