विश्लेषण : दाराआधी सावली बांधणारे मेजर मँट कोण होते?

एप्रिल-मेच्या दुपारी राजारामपुरीतल्या एखाद्या वातानुकूलित शोरूमसमोरून चालत जा. काचेचे दार उघडले की पायांवर गार हवेची लाट येते. दुकानदाराने वीजबिल भरून गार केलेली ही हवा फुटपाथवर सांडत असते. दारातली ही गळती थांबवण्यासाठी जगभरातील मोठ्या इमारतींत फिरते दरवाजे बसवले जातात. कोल्हापुरात मात्र या प्रश्नाचे वेगळे उत्तर जवळपास दीडशे वर्षांपूर्वी दगडात बांधले गेले. ते बांधणाऱ्याचे नाव मेजर चार्ल्स मँट.

मँट कोल्हापूरशी कसे जोडले गेले?

मँट यांचा जन्म १८३९ चा. ते रॉयल इंजिनीअर्सचे अधिकारी होते. मुंबई इलाख्यात आल्यावर सुरतेतील हायस्कूलची इमारत हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. लष्करी इंजिनीअरकडून तेव्हा पूल, रस्ते आणि बरॅकींची अपेक्षा असे. मँट यांचे मन मात्र देशी कारागिरीत रमले. घुमट, छत्र्या, झरोके, सज्जे यांचा युरोपीय आराखड्याशी मेळ घालणाऱ्या इंडो-सारासेनिक शैलीच्या पहिल्या फळीत त्यांचे नाव घेतले जाते.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावले. वय अवघे वीस. तिथे नदीकाठी त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १८७४ मध्ये उभ्या राहिलेल्या छत्रीचा आराखडा मँट यांचा. ही छत्री आजही फ्लॉरेन्सच्या कॅशिने उद्यानात आहे. चारी बाजूंनी मोकळी, दार नसलेली ही वास्तू मुद्दाम आठवावी अशी. कारण दाराच्या बाहेरची जागा सजवणे मँट यांना किती जमत होते, ते तिच्यात दिसते.

पुढे गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज लहान होते आणि संस्थानचा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालत होता. सार्वजनिक इमारतींचा धडाका लागला तो याच काळात. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ दरम्यान झाला. न्यू पॅलेसचे काम १८७७ मध्ये सुरू झाले. आज आपण सीपीआर किंवा थोरला दवाखाना म्हणतो, त्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा आराखडाही मँट यांचाच.

या इमारतींच्या प्रवेशात विशेष काय?

टाऊन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट काढून आत जाताना आपण आधी पोर्चखाली येतो, सावलीत दोन-चार पावले टाकतो आणि मग दाराशी पोहोचतो. न्यू पॅलेसमध्येही गाडी थांबते ती छताखाली. या पोर्चचा मान-मरातबाशी संबंध होताच, पण काम त्याहून मोठे. दारावर थेट ऊन पडले तर दार आणि त्याभोवतीचा दगड तापतो, आणि दार उघडताच तापलेली हवा आत शिरते. पोर्च आणि कमानींचे व्हरांडे ही तापण्याची क्रिया भिंतीपासून काही फूट आधीच थांबवतात. जाड दगडी भिंत हळू तापते, उंच छताखाली गरम हवा वर जाते. कोल्हापूरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्याच्यासाठीही हीच व्यवस्था उपयोगी पडते.

आपल्या वाड्यांत हे नवे नव्हते. देवडी, ओसरी, सोपा ओलांडल्याशिवाय माजघर लागत नसे. महादरवाजा बंद ठेवून त्यातल्या छोट्या दिंडीतून ये-जा करण्यात पहाऱ्याची सोय होती, पण हवेसाठीही उघडणारी जागा लहानच राहत असे.

मग फिरता दरवाजा कशासाठी?

तो थंड देशांची गरज होती. हिवाळ्यात उंच इमारतीतली गरम हवा वरच्या फटींतून निसटते आणि खालचे दार उघडले की बर्फाळ हवा आत ओढली जाते. बर्लिनच्या बॉकहाकर यांनी झुळूक येऊ न देणाऱ्या दाराचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. अमेरिकेत थिओफिलस व्हॅन कॅनेल यांचे पेटंट १८८८ चे. त्यांच्या दाराची युक्ती अशी, की पाती फिरत असली तरी आत-बाहेर सरळ मोकळी वाट कधीच तयार होत नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये आपल्याच आवारात केलेल्या अभ्यासात, साध्या दाराच्या तुलनेत फिरत्या दारातून हवेची देवाणघेवाण सुमारे आठपट कमी आढळली. गंमत म्हणजे बहुतेक लोक शेजारच्या साध्या दारानेच जात होते.

एसी असलेल्या इमारतीत हेच उलट घडते. गार हवा जड असल्याने खालून बाहेर पडते. मात्र फिरत्या दाराला जागा आणि खर्च लागतो. स्ट्रेचर, व्हीलचेअर यांच्यासाठी शेजारी दुसरे दार ठेवावेच लागते. दोन-तीन मजली दुकानाला आपोआप बंद होणारे दार, थोडे अंतर ठेवून एकामागे एक दोन दारे किंवा एअर कर्टन परवडतो. त्याआधी दार रस्त्याच्या कडेवरून चार फूट आत घेतले आणि वर छज्जा काढला, तर यंत्रावरचा भार तिथेच कमी होतो. आपण करतो नेमके उलटे. व्हरांडा काचा लावून बंद करतो, भाड्याची जागा वाढवतो आणि मग तापलेल्या काचेमागे आणखी एक एसी बसवतो.

मँट यांचे पुढे काय झाले?

कोल्हापूरच्या कामाबरोबरच बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि अजमेरचे मेयो कॉलेज अशी अवाढव्य कामे त्यांच्याकडे होती. या ओझ्याखाली त्यांचे मन ढासळले, असे सांगितले जाते. आपली गणिते चुकली आहेत आणि आपण आखलेले राजवाडे कोसळणार, या भीतीने त्यांना घेरले होते, अशी हकिकत आहे. १८८१ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले.

न्यू पॅलेस १८८४ मध्ये पूर्ण झाला; शाहू महाराजांचे वास्तव्य तिथेच होते. थोरला दवाखानाही त्याच वर्षी उभा राहिला. बडोद्याचे काम रॉबर्ट चिझम यांनी हाती घेतले आणि १८९० मध्ये संपवले. तिन्ही इमारती आजही वापरात आहेत.