डीकॅफ कॉफीचे जनक लुडविग रोझेलियस: कॅफीन काढलं, पण कशाने?

रात्री दहा वाजता घरी एस्प्रेसो करून प्यायला मजा येते, पण नंतर दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. मग आपण मोबाईलवर डीकॅफ कॉफी शोधायला लागतो. पाकिटांवर स्विस वॉटर, शुगरकेन, सीओटू असे शब्द दिसतात आणि नेमकं कोणतं घ्यावं ते कळत नाही. हे सगळं सुरू झालं ते जर्मनीतल्या एका कॉफी व्यापाऱ्यापासून. आज त्यांचीच गोष्ट जाणून घेऊया. शेवटी पाकीट कसं निवडायचं तेही बघू.

वडिलांचा मृत्यू आणि कॉफीवरचा संशय

लुडविग रोझेलियस यांचा जन्म 1874 साली ब्रेमेन या बंदराच्या शहरात झाला. घरचा धंदा कॉफीचा. जहाजातून आलेल्या मालाची चव घेऊन त्याचा दर्जा ठरवायचा, हे वडिलांचं रोजचं काम. 1902 साली वडील वारले. वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या कॅफीननेच त्यांचा जीव घेतला, असं रोझेलियस यांच्या मनाने घेतलं.

आता अडचण बघा. ज्या मालावर घर चालत होतं, त्याच मालावर संशय! दुसरा कोणी असता तर त्याने धंदा सोडला असता किंवा संशय गिळला असता. रोझेलियस यांनी तिसरा रस्ता धरला: कॉफी ठेवायची, कॅफीन काढायचं.

कॅफीन म्हणजे काय हे तेव्हा माहीत होतं. 1819 साली रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीतून वेगळं केलं होतं, आणि त्यासाठीच्या बिया त्याला खुद्द कवी गटे यांनी दिल्या होत्या. पण प्रयोगशाळेत कॅफीन वेगळं करणं सोपं. ते काढल्यावरही बी शाबूत राहिली पाहिजे आणि चव कॉफीचीच लागली पाहिजे, हे खरं अवघड काम होतं.

समुद्राच्या पाण्यात भिजलेला माल

असं सांगतात, की 1903 च्या सुमारास जहाजातून आलेला कॉफीचा माल समुद्राच्या पाण्याने भिजला. व्यापाराच्या दृष्टीने तो वाया गेला होता. रोझेलियस यांनी तो तपासायला दिला. कॅफीन बरंच कमी झालेलं, पण चव मात्र फारशी गेलेली नाही, असं दिसलं.

यातून मूळ कल्पना मिळाली. कच्ची, न भाजलेली बी आधी वाफेने फुगवायची, म्हणजे तिची छिद्रं मोकळी होतात. मग तिच्यावरून असा द्राव सोडायचा, जो कॅफीन ओढून घेईल. शेवटी तो द्राव उडवून टाकायचा आणि बी वाळवून भाजायची. या पद्धतीचं पेटंट 1908 साली अमेरिकेतही मिळालं. त्यावर मेयर आणि विमर या सहकाऱ्यांचीही नावं आहेत.

पण रोझेलियस यांच्या पद्धतीत द्राव म्हणून वापरलं जायचं ते बेंझीन. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे तब्येतीसाठी म्हणून कॅफीन काढलं, आणि ते काढायला त्याहून कितीतरी घातक रसायन वापरलं!

ब्रँड कसा उभा राहिला

1906 साली ब्रेमेनमध्ये काफे हॅग ही कंपनी सुरू झाली. रोझेलियस यांना जाहिरातीची चांगली जाण होती. पाकिटावर चिन्ह काय, तर बुडणाऱ्याला वाचवणारं लाल कडं, म्हणजे लाईफबॉय. ही कॉफी तुम्हाला वाचवेल, हा निरोप एका चित्रातच पोचायचा. पाकिटाच्या आत काय प्रक्रिया झाली आहे, हे मात्र त्या चित्रातून कळत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतला व्यवसाय शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाला आणि तिथे स्वतःच्याच ब्रँडवरचा हक्क गेला. युद्धानंतर रोझेलियस यांनी सांका या नव्या नावाने पुन्हा अमेरिकेत पाऊल टाकलं. हे नाव फ्रेंच भाषेतल्या कॅफीनविरहित या अर्थाच्या शब्दांवरून घेतलेलं.

मिळालेला पैसा त्यांनी ब्रेमेनमधल्या ब्योट्शरस्ट्रास या जुन्या गल्लीत ओतला. तिथे 1927 साली पाउला मोडरसन-बेकर या चित्रकर्तीच्या कलेसाठी खास संग्रहालय उघडलं. पण या माणसाची दुसरी बाजूही आहे. रोझेलियस नाझींचे समर्थक होते. गंमत म्हणजे, हीच गल्ली हिटलरला आवडली नाही आणि 1936 साली त्याने तिच्यावर जाहीर टीका केली. 1943 साली, युद्ध चालू असतानाच, बर्लिनमध्ये रोझेलियस यांचं निधन झालं.

बेंझीन गेलं, मग आलं काय?

रोझेलियस यांची मूळ कल्पना टिकली, द्राव तेवढे बदलले. आज पाकिटावर दिसणारे शब्द हेच सांगतात:

- मिथिलीन क्लोराईड: हे रसायन साधारण 40 अंशांवर उडून जातं आणि कॉफी 200 अंशांच्या आसपास भाजली जाते, त्यामुळे उरतं ते अगदी नगण्य. अमेरिकेत त्याची मर्यादा दहा लाखांत 10 भाग आहे.
- शुगरकेन: उसापासून बनवलेलं इथाइल ॲसिटेट. कोलंबियाच्या डीकॅफमध्ये ही पद्धत जास्त दिसते. चव थोडी गोडसर, फळांसारखी लागते.
- स्विस वॉटर: फक्त पाणी आणि कोळशाची गाळणी. चवीचे घटक आधीच भरलेल्या पाण्यात बिया ठेवतात, म्हणून बाहेर येतं ते मुख्यतः कॅफीन.
- सीओटू: खूप दाबाखालचा कार्बन डायऑक्साईड कॅफीन ओढून घेतो. 1967 च्या सुमारास जर्मनीतच कुर्ट झोसेल यांनी ही पद्धत शोधली.

घरच्या एस्प्रेसोसाठी निवडताना

1. पद्धत लिहिलेली असेल तेच पाकीट घ्या. नुसतं डीकॅफ लिहिलं असेल तर विक्रेत्याला विचारा.
2. भाजल्याची तारीख बघा. प्रक्रियेमुळे बी सच्छिद्र झालेली असते, त्यामुळे ती लवकर शिळी होते. छोटं पाकीट घ्या आणि तीन-चार आठवड्यांत संपवा.
3. फार काळी भाजलेली नको. डीकॅफ बी मुळातच गडद दिसते, म्हणून रंगावरून फसू नका. मध्यम भाजलेली घेतली तर कडवटपणा कमी येतो.
4. दळण थोडं बारीक करून बघा. डीकॅफमधून पाणी अनेकदा भरभर निघून जातं. 18 ग्रॅम पावडरमधून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी आली, तर जमलं समजा. वरचा फेस थोडा पातळ आला तरी घाबरू नका.

आणि हो, डीकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे. युरोपच्या नियमानुसार भाजलेल्या डीकॅफमध्ये 0.1 टक्क्यापर्यंत कॅफीन चालतं. साध्या अरेबिकात ते साधारण 1.2 टक्के असतं. म्हणजे एका कपाने झोप उडणार नाही, पण डॉक्टरांनी कॅफीन पूर्ण बंद सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच प्या.

रोझेलियस यांच्या पाकिटावर जीव वाचवणारं कडं होतं आणि आतली कॉफी बेंझीनने धुतलेली होती. म्हणून पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका. कॅफीन कशाने काढलं, हे आधी वाचा.

तुम्ही कोणतं डीकॅफ वापरता? कमेंटमध्ये नक्की सांगा, आणि रात्री जागणाऱ्या एखाद्या मित्राला हा लेख पाठवा.