रेड अडेअर : तेलविहिरीतून उसळणाऱ्या पाइपांशी आयुष्यभर झुंजलेला माणूस

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावात बोअरमधली मोटार काढण्याचं काम सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मोटार जळते, मग तीन लोखंडी पायांची तिवई उभी राहते, वर चेनकप्पी लागते आणि वीस-वीस फुटांचे पाइप एकेक करून वर यायला लागतात. एक पाइप वर आला की खालचा पकडीत धरायचा, वरचा सोडवून बाजूला ठेवायचा, पुन्हा साखळी लावायची. पकड सुटली तर काय होईल, हे तिथे उभ्या असलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पाइप आणि मोटार खाली जाईल आणि बोअर वाया जाईल. म्हणून सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, की पाइप खाली पडू नये.

आता याच्या बरोबर उलटं चित्र डोळ्यांसमोर आणा. भोक जमिनीतच आहे, पाइप लोखंडाचाच आहे, पण भीती पाइप खाली पडण्याची नाही, तो भाल्यासारखा वर उडण्याची आहे. जमिनीखालून तेल आणि वायू इतक्या जोराने वर ढकलतायत की पाइप आत घालायचा तर तो दाबून धरून, जबरदस्तीने घालावा लागतो. तेलाच्या धंद्यात या कामाला 'स्नबिंग' म्हणतात.

हे काम जिथे पहिल्यांदा नीट यंत्राने व्हायला लागलं, त्या कंपनीत १९३८ साली लाल केसांचा एक तेवीस वर्षांचा तरुण नोकरीला लागला. तेलविहिरींच्या आगी विझवणारा माणूस म्हणून पुढे सगळ्या जगाने त्याला ओळखलं. तो म्हणजे पॉल नील अडेअर, ऊर्फ रेड अडेअर.

पॉलचा जन्म १८ जून १९१५ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरातला. वडील लोहार. घरात आठ भावंडं. पोरगा फुटबॉलमध्ये चांगला होता, पण महामंदीच्या वर्षांत वडिलांच्या भट्टीवर घर चालेना, म्हणून शाळा अर्धवट सोडून तो मिळेल ते काम करू लागला. रेल्वेत राबला, पैशासाठी मुष्टियुद्धही खेळला. केसांच्या रंगावरून पडलेलं 'रेड' हे नाव आयुष्यभर चिकटलं. ते त्याने आनंदाने मिरवलंही.

१९३८ मध्ये तो 'ओटिस प्रेशर कंट्रोल' या कंपनीत लागला. या कंपनीचं काम समजलं नाही तर अडेअर समजत नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

तेलविहिरीत हजारो फूट खाली वायूचा दाब प्रचंड असतो. साधारण वेळी विहिरीत जड चिखलासारखं द्रावण भरून ठेवतात. त्याच्या वजनाने खालचा दाब तोलला जातो आणि पाइप आरामात आत-बाहेर करता येतो. पण काही वेळा हा चिखल भरलेला नसतो, किंवा उसळून बाहेर गेलेला असतो. विहीर वरून झाकणाने बंद आहे आणि आत दाब कोंडलेला आहे. चिखल खाली पोचवायचा तर पाइप खोल न्यायला हवा, आणि पाइप न्यायला गेलं की दाब त्याला बाहेर फेकतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. समजा पाइप बाहेरून सव्वादोन इंचांपेक्षा थोडा जास्त जाड आहे, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस इंच. विहिरीतला दाब दर चौरस इंचाला ३,००० पौंड. मोटारसायकलच्या चाकात तीसेक पौंड हवा असते, त्याच्या शंभरपट. म्हणजे पाइपवर खालून सुमारे सहा टनांचा रेटा आहे. या पाइपचं वजन फुटाला पावणेपाच पौंड धरलं, तर त्या रेट्याला स्वतःच्या वजनाने तोलायला २,८०० फुटांच्या आसपास पाइप आत असायला हवा. तोवरचा प्रत्येक फूट ढकलून घालायचा. पहिला पाइप सगळ्यात अवघड, कारण त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. तोल साधला की सगळं पालटतं. आता पाइप खाली पडायला बघतो आणि काम आपल्या बोअरसारखं होतं. बाहेर काढताना हीच गोष्ट उलट्या क्रमाने घडते. सुरुवातीला जड असलेला पाइप शेवटी हलका होतो, आणि त्या क्षणी ज्याला हे कळलं नाही त्याच्या हातून तो निसटतो.

हर्बर्ट ओटिस यांनी १९२९ च्या सुमारास यावर तोडगा काढला. एक पकड जागेवर पक्की, दुसरी दोरखंड आणि कप्प्यांनी वर-खाली होणारी. फिरती पकड पाइप धरून खाली रेटते, मग स्थिर पकड तो धरून ठेवते, फिरती पुन्हा वर जाते. खाली विहिरीच्या तोंडाशी रबराची दोन झाकणं पाइपला आवळून बसलेली. पाइपांचा जाड सांधा आला की वरचं झाकण उघडायचं, सांधा आत घ्यायचा, वरचं बंद करून मग खालचं उघडायचं. दोन्ही एकदम उघडली तर खेळ संपला. सगळं काम हातभर अंतरावर, कोंडलेल्या वायूच्या डोक्यावर उभं राहून. हायड्रॉलिक यंत्रं बऱ्याच नंतर, १९६० च्या आसपास आली.

अशा ठिकाणी अडेअर घडला. दाबाची भीती बाळगायची, पण गडबडायचं नाही, हे तिथलं शिक्षण. आगीचा नंबर पुढे लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी १९४५ मध्ये तो सैन्यात गेला आणि न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात जपानला पोचला. परतल्यावर मायरन किन्ली यांच्याकडे नोकरी धरली. किन्ली हे तेलविहिरींच्या आगी स्फोटकांनी विझवणारे त्या काळातले सगळ्यात मोठे तज्ज्ञ. त्यांच्या वडिलांनी १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात डायनामाइट लावून एक आग विझवली होती आणि घरात तीच विद्या आली होती. आग विझवायला स्फोट करणं ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. ज्वाळेच्या बुडाशी मोठा स्फोट झाला की तिथली हवा क्षणभर दूर फेकली जाते, ज्वाळा वायूपासून तुटते आणि दिवा फुंकल्यासारखी विझते. स्फोटकांच्या पिंपाला पाण्याचे फवारे मारत गार ठेवून ते ज्वाळेपर्यंत न्यावं लागतं, एवढंच.

विझल्यानंतरचं काम जास्त भीतीचं. आग असते तोवर वायू जळून तरी जातो. विझली की तोच वायू आजूबाजूला पसरतो आणि एक ठिणगी सगळ्यांना घेऊन जाऊ शकते. म्हणून त्या वेळी पितळेसारख्या ठिणगी न पडणाऱ्या धातूची हत्यारं वापरतात. त्याच धुरळ्यात विहिरीच्या तोंडावर नवा व्हॉल्व्ह बसवायचा असतो.

किन्लींकडे चौदाएक वर्षं काढून १९५९ मध्ये अडेअर यांनी स्वतःची कंपनी काढली. लगेच त्यांना जगप्रसिद्ध करणारी आग लागली. अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात गासी तुईल इथे १३ नोव्हेंबर १९६१ ला वायूच्या एका विहिरीने पेट घेतला. ज्वाळा साडेचारशे फूट उंच. फेब्रुवारी १९६२ मध्ये पृथ्वीभोवती फिरणाऱ्या जॉन ग्लेन या अंतराळवीराला ती अवकाशातून दिसली. लोकांनी तिला सैतानाचा लायटर असं नाव दिलं होतं. विझवायला आधी पाणी हवं, आणि वाळवंटात पाणी कुठलं? म्हणून आधी पाण्याच्या विहिरी खणल्या, तळी केली, वितळून पडलेला रिगचा सांगाडा ओढून काढला. यात महिने गेले. मग २८ एप्रिल १९६२ ला अडेअर यांनी स्फोट करून ती ज्वाळा विझवली. विझवण्याला क्षण लागला, तयारीला पाच महिने. या धंद्याचं प्रमाण साधारण हेच असतं.

हॉलिवूडला अर्थात तो क्षणच आवडला. १९६८ मध्ये जॉन वेन यांना घेऊन 'हेलफायटर्स' हा सिनेमा आला, तो अडेअर यांच्याच आयुष्यावर बेतलेला. अडेअर यांनाही दिखाव्याचं वावडं नव्हतं. लाल कपडे, लाल बूट, लाल गाड्या, सगळी यंत्रंसुद्धा लाल. सिनेमाने मात्र एक गैरसमज पक्का केला, की हे एकट्या धाडसी माणसाचं काम आहे. प्रत्यक्षात अडेअर यांच्या दोन्ही बाजूंना 'बूट्स' हॅन्सन आणि 'कूट्स' मॅथ्यूज ही दोन कसलेली माणसं होती. १९७८ मध्ये दोघांनी बाहेर पडून स्वतःची कंपनी काढली, आणि तीही याच धंद्यात नावाजली.

त्याच्या आदल्या वर्षीची एक घटना मात्र गासी तुईलपेक्षा जास्त शिकवणारी आहे, कारण तिथे आग नव्हतीच. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत एकोफिस्क नावाचं तेलक्षेत्र आहे. २२ एप्रिल १९७७ ला तिथल्या 'ब्राव्हो' फलाटावर एका विहिरीची दुरुस्ती चालू होती. काम होतं विहिरीतला सुमारे दहा हजार फूट पाइप बाहेर काढायचं. त्यासाठी तोंडावरचे नेहमीचे व्हॉल्व्ह उतरवले होते. त्यांच्या जागी ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवायचा होता. विहीर उसळली तर तिचं तोंड आवळून धरणारं हे जाडजूड यंत्र, ॲबरक्रॉम्बी आणि कॅमेरॉन या दोघांनी १९२२ मध्ये ह्यूस्टनमध्येच शोधलेलं. जुनं झाकण उतरलं होतं, नवं बसायचं होतं. मधल्या वेळेची राखण पाइपच्या आत बसवलेल्या एका छोट्या सुरक्षा-व्हॉल्व्हवर होती, आणि तो नीट बसलाच नव्हता. चिखल वर आला, पाठोपाठ तेल आलं. फलाटावरची ११२ माणसं सुखरूप बाहेर पडली, पण तेल आठ दिवस समुद्रात जात राहिलं.

अडेअर यांची माणसं पोचली. झाकण बसवायचे पहिले प्रयत्न फसले. घाईत यंत्राचा एक भाग चक्क उलटा बसला होता. सगळीकडे तेल आणि वायू, म्हणजे ठिणगी पडली तर फलाटासकट सगळं जाणार, म्हणून जहाजांवरून पाण्याचा मारा सतत चालू. शेवटी ६१ वर्षांचे अडेअर स्वतः तिथे आले, आणि ३० एप्रिलला विहीर बंद झाली. तरुणपणी ओटिसच्या कंपनीत शिकलेली गोष्टच इथे उपयोगी पडली. कुठलं झाकण कधी उघडायचं, कधी बंद करायचं, आणि दोन्ही कधीही एकदम उघडी ठेवायची नाहीत.

१९८८ च्या जुलैत स्कॉटलंडजवळच्या 'पायपर अल्फा' फलाटावर १६७ माणसं गेली. तिथल्या धगधगत्या विहिरी बंद करायला त्र्याहत्तर वर्षांचे अडेअर गेले. मग कुवेत. १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या. अनेक देशांची पथकं आली. हंगेरीच्या लोकांनी तर रणगाड्यावर मिग विमानाची इंजिनं बसवून आगीवर पाणी फवारलं. अडेअर यांच्या पथकाने ११७ विहिरी आवरल्या. पाणी आणि यंत्रसामग्री पुरत नाही, ही तक्रार घेऊन ते वॉशिंग्टनपर्यंत गेले. एरवी तेल वाहून नेणाऱ्या नळांतून समुद्राचं पाणी उलटं आणलं गेलं. वर्षानुवर्षं चालेल असं वाटलेलं काम नोव्हेंबर १९९१ मध्ये संपलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अडेअर यांनी कंपनी विकली. ७ ऑगस्ट २००४ ला ह्यूस्टनमध्येच, ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मराठवाड्यात असा प्रसंग येण्याची शक्यता नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा वर ३३८ मीटर काळा बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट निघाला. अशा खडकात तेल मिळत नाही. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर १९७४ पासून मुंबई हाय आहे. तिथे १९८२ मध्ये 'सागर विकास' या रिगवर विहीर उसळून आग लागली होती.

भारतातली अलीकडची मोठी घटना आसामची. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान इथे ऑइल इंडियाची पाच नंबरची विहीर २७ मे २०२० ला दुरुस्ती चालू असताना उसळली. इथेही ब्लोआउट प्रिव्हेंटर उतरवल्यावरचीच वेळ होती. ९ जूनला तिने पेट घेतला, अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. ऑगस्टमध्ये तोंडावर झाकण बसलं, तरी खालचा दाब आवरेना. चिखल खोलवर पोचवायला पाइप आत रेटण्याशिवाय इलाज नव्हता, आणि दाबाखाली पाइप रेटणारं तसं यंत्र देशात हाताशी नव्हतं. साठ टनांचं स्नबिंग युनिट कॅनडातल्या कॅलगरीहून अवाढव्य मालवाहू विमानाने कोलकात्याला उतरवलं गेलं आणि तिथून रस्त्याने बाघजानला नेलं. पकडी आता दोरखंडाऐवजी तेलाच्या दाबावर चालत होत्या, पण पद्धत ओटिसच्या कंपनीतलीच होती. एक पकड धरते, दुसरी रेटते. १५ नोव्हेंबर २०२० ला विहीर शांत झाली.