त्र्यंबकेश्वराचा कळस आणि नानासाहेब पेशवे

बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांचा जन्म १७२० सालचा. थोरले बाजीराव निवर्तल्यावर १७४० मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्यांनी पुण्यास कात्रजचे पाणी आणले, पर्वतीवर श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर उभारले. काशी-प्रयाग ही क्षेत्रे आपल्या अंमलाखाली यावीत ही मोठी इच्छा मात्र तशीच राहिली.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वराचे मंदिर काळ्या पाषाणात नव्याने बांधण्याचे काम त्यांनी १७५५ मध्ये सुरू केले. पैसा होता, सत्ता होती, भक्ती तर होतीच. पण १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पुत्र विश्वासराव व चुलतबंधू सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले. त्र्यंबकचे काम अपुरेच होते. एवढ्या श्रद्धावान माणसाला परमेश्वराने आणखी पंचवीस वर्षे का दिली नाहीत, याचे उत्तर मजसारख्या तालुका कचेरीतील कारकुनाने काय द्यावे?

पुढे थोरले माधवराव क्षयाने गेले, नारायणरावांचा खून झाला. मंदिर पुरे झाले १७८६ मध्ये. तेव्हा पेशवे होते सवाई माधवराव, वय अवघे बारा वर्षे. नानासाहेबांचे नातू, ज्यांनी आजोबांना पाहिलेही नव्हते.

आपल्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीवहीत पहिल्या पानावर ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी काही वडीलधारी मंडळी आज हयात नाहीत. या स्मरणिकेसाठी ती यादी उतरवून घेताना मला त्र्यंबकचीच आठवण होत होती.